लॅमिनेट केलेलं कात्रण

१७ जून, मंगळवार. आष्टा

पुतणीला पुण्यात आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पदवी करायचीय. प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस. दादा अडून बसला म्हणून रदबदली करायला पलूसला गेलो, तर त्यानं माझ्याच जुन्या सदराचं कात्रण पुढं ठेवलं. लॅमिनेट केलेलं. ‘जगाचा अभ्यास करणारी पोरं शेवटी बापाच्या अंगणातच बसतात.’

“हे तूच लिवलंयस न्हवं? मग आता काय बोलतोस रं?”

“काका, चेष्टा हुती म्हणून सांगा की,” पुतणी म्हणाली.

चेष्टाच होती. त्या पदवीत काय शिकवतात हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. पण कबूल कसं करायचं? उभ्या आयुष्यात एकाच वाचकानं माझं लिहिणं मनावर घेतलंय. मी चहा पीत राहिलो. दादानं तिची मार्कलिस्ट कात्रणाखाली ठेवून कपाटाला कुलूप घातलं.

लॅमिनेट केलंय. आता फाडताही यायचं नाही.