सकाळचा अर्धा तास

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पुन्हा! शनिवारी रात्री रवीने मशीन बंद केलं तेव्हा चालू तासांचा आकडा ६४१२.३ होता. त्याने वहीत लिहिलाय. काल रविवार, शेड बंद. आज आठ वाजता मी आले तर आकडा ६४१२.८! आणि जॉबचा काउंटर, म्हणजे किती नग काढले तो आकडा, जागच्या जागी. म्हणजे कोणीतरी माझ्या आधी येऊन सीएनसी लेथ अर्धा तास चालवतंय आणि काउंटर हलणार नाही याची काळजीही घेतंय.

प्रोग्राम भरला की आपोआप कापणारं, चौघांनी मिळून घेतलेलं सेकंडहँड मशीन आहे. आठ ते एक माझी पाळी, मग कैलास, संध्याकाळी रवी. चौथे कोंडीबाकाका. त्यांचा जुना हाताचा लेथ कोपऱ्यात आहे, त्यांना सीएनसीवर पाळी नको होती. भिंतीवर नियम लावलेत: आपल्या पाळीबाहेर मशीनला हात लावायचा नाही. नियम एकट्या नम्रतालाच आहेत का?

१८ नोव्हेंबर

कंट्रोलमधली प्रोग्रामची यादी साफ करायला घेतली. एक प्रोग्राम कोणाचाच नाही. ना टूल, ना लांबी, ना कटिंग. जॉब पकडणारा चक नुसता हळू फिरतो, मग जरा जोरात, मग अजून जोरात. टूल सरकवणारी स्लाइड रिकामीच मागे-पुढे. वर कंसात काहीतरी खरडलं होतं, वाचत बसले नाही. हा काय खेळ आहे! लहान पोराच्या हातात रिमोट दिल्यासारखं. डिलीट केला. खात्री आहे का, असं मशीनने विचारलं. आहे!

२० नोव्हेंबर

आजही अर्धा तास.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पिरंगुटच्या एका पंप कारखान्यातून फोन आला. दीडशे बुश, म्हणजे पंपात बसणाऱ्या छोट्या पोकळ नळ्या, ट्रायल लॉट, १२ डिसेंबरपर्यंत द्यायचा. पास झाला तर दर महिन्याला काम! बाहेरचा व्यास पंचवीस मिलिमीटर. त्याच्या वर काहीच चालणार नाही, खाली फक्त वीस मायक्रॉन. म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी सूट. सप्टेंबरपासून मी इथे गेटच्या पिना आणि ट्रॉलीचे स्पेसर काढतेय, असली ढोबळ कामं. हे खरं काम.

कंपनीत सात वर्षं सीएनसी चालवला. तीन पाळ्या. मशीन कधी बंद म्हणून नसायचं, एक जण उतरला की दुसरा चढायचा. पण सगळं कंत्राटी. दर काही महिन्यांनी ब्रेक, मग परत नवीन गेटपास, परत "मॅडम, तुमचं ट्रेनिंग झालंय का?" सात वर्षांनी! ऑगस्टमध्ये सोडून आले. आई तेव्हा म्हणाली, "हाय ते सोडून निगालीस, बग बाई." दादा अजून म्हणतो परत जा.

लॉट नापास झाला तर जावंच लागेल. त्या गेटवर, त्या सुपरवायझरच्या हसण्यासमोर. म्हणून म्हणते, माझ्या मशीनशी कोणी खेळायचं नाही.

२६ नोव्हेंबर

आज मुद्दाम सव्वासातला पोहोचले. घरून, रिह्याहून, शेडपर्यंत मालेला येताना स्कूटीवर बोटं बधिर झाली. शेडमध्ये दिवा होता. मशीन फिरत होतं, चक रिकामा. आणि पॅनलसमोर कोण? कोंडीबाकाका! अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर, एक बोट बटणावर.

"काका, माझी पाळी आठला असते."

"म्हाईत हाय की."

"मग हे काय चाललंय?"

"जाग आनतुया मशीनला. झोपंतनं उठीवलं आन लगीच कामाला जुपलं, आसं न्हाई चालत पोरी."

जाग! पॅनलच्या फटीत उदबत्ती खोचलेली. दसऱ्यालाही यांनीच झेंडूचा हार टरेटवर, टूल बसतात त्या चाकावर, घातला होता, पाकळ्या कूलंटच्या जाळीत अडकल्या आणि पंप मी उघडून साफ केला. आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. मशीनला जाग येते म्हणे. स्कूटीचा आवाज ऐकून जॉब काढून लपवला असणार, दुसरं काय!

आता सगळं जुळतंय. दिवाळीच्या आधी महिनाभर माझ्या पाठीमागे येऊन उभे राहायचे. "ह्ये एम-झिरो-थ्री म्हंजी काय गं?" चक फिरवायला, काका. "आन थांबवाया?" एम-झिरो-फाइव्ह. "आन ह्यो एस?" किती फेरे ते! मी वैतागून वैतागून उत्तरं द्यायचे. माझ्याकडून शिकायचं आणि माझ्याच मशीनवर चोरून काम करायचं. वय साठच्या वर, चाळीस वर्षं लेथवर गेलेली. लाज वाटायला हवी.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पहिला बुश काढला. मायक्रोमीटर लावला — २४.९९. पहिल्याच फटक्यात! मग दुसरा, तिसरा, दहावा. आकडा जागचा हलत नाही. कैलास बघून म्हणाला, "ताई, हात बसलाय तुमचा." बसलाच आहे. दादाला फोटो पाठवला.

पण आजही सकाळी तोच अर्धा तास. पाहिलं म्हणून कोणाला लाज नाही.

१ डिसेंबर, सोमवार

कैलासला सांगितलं. तो म्हणतो जाऊ द्या, म्हातारा माणूस. का जाऊ द्या? मी वीस मिनिटं उशिरा आले तर हेच लोक वहीत लाल पेनाने लिहितील.

४ डिसेंबर, गुरुवार

मीटिंग झाली. मी वहीतले आकडे वाचून दाखवले, एकेक तारीख. म्हटलं, याला आपण चोरून काम करणं म्हणतो.

काका एकदम उभेच राहिले. "चोरी? म्या? येक जॉब दाव मी काडल्याला. येक!"

"मग रोज अर्धा तास काय करता?"

"सांगितलं न्हवं. मशीनला जाग आनतो."

रवी फिसकन हसला. मग कैलासही. मग मीसुद्धा. काकांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि खाली बसले. कैलास म्हणाला, "काका, वाद नको. किल्ली ताईंकडं असू द्या. तुमचा लेथ ताई आल्यावर चालू करा." काकांनी करदोट्याला बांधलेली किल्ली सोडली. गाठ सुटायला वेळ लागला. टेबलावर ठेवली आणि मला म्हणाले, "थंडी वाढतीया. संबाळ."

हा काय दम आहे? मी कोणाला घाबरत नाही.

अडतीस बुश झाले. सगळे साइजमध्ये.

५ डिसेंबर

किल्ली माझ्याकडे. आठ वाजता मी स्वतः कुलूप उघडलं. शांतता. आकडा काल रात्रीचाच. बरं वाटलं!

पहिला बुश तीस मायक्रॉन मोठा. दुसरा तसाच. ऑफसेट कोणीतरी हलवला! ऑफसेट म्हणजे टूल किती आत जाणार त्याचा मशीनमधला आकडा. मी तो तीसने दुरुस्त केला, साइज बसली. साइज बसली की मी दर दहाव्याला मोजते. कंपनीत तसंच करायचो. साडेदहाला मोजला तर बुश लहान! मागचे आठही लहान. मोठा असेल तर परत कापता येतो, लहान झालेल्याचं काय करणार? नऊ भंगारात.

६ डिसेंबर, शनिवार

आज परत सकाळी मोठे, दुरुस्त केले, दहानंतर लहान. अकरा भंगारात!

किल्ली काढून घेतली म्हणून राग काढतायत. रवी रात्री आठला बंद करतो, त्याच्या आधी येऊन एखादा आकडा बदलायला किती वेळ लागतो? मीच शिकवलं ना सगळं.

८ डिसेंबर, सोमवार

शनिवारी रवीला सांगून ठेवलं होतं: बंद करताना ऑफसेटच्या पानाचा फोटो काढ. आज सकाळी ताडून बघितला. आकडा न आकडा सारखा. कोणी काही बदललेलं नाही. तरी बुश तीस मायक्रॉन मोठा! मग दहानंतर लहान. बारा भंगारात. तीन दिवसांत बत्तीस. चार दिवस उरलेत, सळ्या संपत आल्यात.

चक सैल केला असेल? टूल ढिलं केलं? सगळं पान्याने तपासलं, सगळं घट्ट. मग काय आहे हे! मशीनच्या दारावर जोराने लाथ मारली. पाय दुखतोय.

९ डिसेंबर

आज काकांच्या घरी गेले. शेडच्या मागेच आहे. सखूकाकू चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. त्यांच्यासमोरच मी म्हणाले: काका, तुम्ही मशीनला काय केलंत ते सांगा, माझं आयुष्य आहे त्यात.

"हात लावला न्हाई. किल्ली तुज्याकडं हाय."

"मग साइज का हलते?"

"म्या सांगितलं तवा हासला समदी. आता काय सांगू?"

असं बोलतात माणसं! सरळ उत्तर द्यायला काय जातं? सखूकाकू म्हणाल्या, "बस गं, च्या घे." मी उभ्या उभ्याच निघून आले. संध्याकाळचे सात वाजून गेले होते, शेडजवळून वळताना बघितलं तर काका अंगणात येऊन शेडकडे तोंड करून नुसते उभे. पहारा देतायत की काय माझ्यावर!

१० डिसेंबर

शेवटी सर्व्हिसच्या माणसाला फोन लावला. निरंजन नाव. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, सकाळी वॉर्म-अप किती वेळ देता?"

"कसला वॉर्म-अप?"

तो म्हणाला, "मशीन रात्रभर बंद असतं ना? थंडीत लोखंड आखडतं. स्पिंडल, स्क्रू, सगळंच. चालू झालं की गरम होऊन वाढतं. त्यामुळे पहिले जॉब मोठे येतात, मग आपोआप साइज खाली येते. तुम्ही सकाळी ऑफसेट दुरुस्त करता, म्हणून नंतरचे लहान होतात. अर्धा तास रिकामं फिरवा, मग काम सुरू करा. तुमच्या तिकडे सकाळी नऊ-दहा डिग्री असेल."

कंपनीत सात वर्षांत कोणी हा शब्द माझ्यासमोर उच्चारला नाही. कसा उच्चारणार! तिथे मशीन कधी गार पडतच नव्हतं.

११ डिसेंबर

सात वीसला कुलूप उघडलं. चक रिकामा फिरवला, आधी हळू, मग जोरात, स्लाइड मागे-पुढे. पंचवीस मिनिटं. पहिला बुश २४.९९. विसावा २४.९९.

म्हणजे काका हेच करत होते. कळलं मला, मी काही दगड नाही. पण मग नीट सांगायचं ना! जाग आणि झोप आणि उदबत्ती! "नम्रता, लोखंड आखडतं," एवढं एक वाक्य. चाळीस वर्षं लेथ चालवलेल्या माणसाला एवढं सांगता येत नाही? स्वतःचा जुना लेथही रोज दहा मिनिटं नुसता फिरवत ठेवून चहा पितात, मी समजायचे आळस आहे. आणि करत होते ते स्वतःच्या हौसेखातर, मशीनला देव मानतात म्हणून. त्यात माझा काय संबंध? मी आकडे बघून बोलले. आकडे खरेच होते.

रवीने त्याची पाळी मला दिली, कैलासनेही. त्याच्याच कपाटातून सळ्याही. रात्री आठपर्यंत थांबले. उद्या सकाळी उरलेले चोवीस.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दीडशे पूर्ण. स्वतः नेऊन दिले.

१३ डिसेंबर

पास! दीडशेच्या दीडशे! जानेवारीपासून दर महिन्याला पाचशे. आईने शेजारी जाऊन सांगितलं. दादाचा फोनवर नुसता अंगठा आला, पण आला.

काकांना सांगावं का? संध्याकाळी त्यांच्या घरापर्यंत गेले आणि वळले. एकदा तरी ते स्वतःहून नीट बोलले असते तर ही वेळ आली नसती. चूक काय माझ्या एकटीची आहे?

१४ डिसेंबर, रविवार

बुशचा प्रोग्राम जपून ठेवायला कैलासकडून बॅकअपचा पेनड्राइव्ह आणला. लॅपटॉपवर उघडला तर त्यात १ नोव्हेंबरची जुनी यादी. आणि यादीत तो रिकामा फिरणारा प्रोग्राम, मी डिलीट केलेला. तारीख २७ ऑक्टोबर. आज कंसातलं वाचलं. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी: नम्रता ८ ला येते. त्याआधी जाग आणणे.

खाली एम-झिरो-थ्री, एम-झिरो-फाइव्ह. सगळं मी सांगितलं तसंच.

डिलीट केल्यानंतर ४ डिसेंबरपर्यंत, रविवार सोडून, चौदा सकाळी होतात. मी मोजल्या. त्या चौदाही सकाळी ते थंडीत उभे राहून, बटणं दाबून, हेच हाताने करत होते. माझ्यासाठी. आणि मी सगळ्यांसमोर त्यांना चोर म्हणाले.