दहा मेगापिक्सेलमधला चेहरा

बाबा, आईला आता समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, म्हणजे कान, खांदे, दाराची चौकट. मधोमध मात्र नुसता राखाडी डाग. परळच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, तो परत येत नाही. एखादी गोष्ट खूप मोठी असली आणि मान तिरकी करून बघितली, तर थोडीफार कळेल. आईने सगळं ऐकून घेतलं, आणि घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "ह्यांचो फोटो मोठो करून घेवन ये गो. भिंतीएवढो."

भिंती आता मोठ्या झाल्यात. नायगावची आपली चाळ पाडली, त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये आम्हाला घर मिळालं. तुम्ही हे काहीच पाहिलं नाहीत. पण भिंतीवर लावायला तुमचा फोटो तो एकच, तुम्ही गेलात तेव्हा लावलेला, पोस्टकार्डाएवढा. जन्मभर भोईवाड्याच्या कोर्टाजवळच्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या हनुवट्या वरखाली करणाऱ्या माणसाने स्वतःचा फोटो कधी काढूच दिला नाही. लग्नातला आहे, पण मी तो पुढे केला तर आई म्हणाली, "तो पोरगो नको. माझो माणूस होयो." आणि ओळखपत्रावर तर तुम्ही नुसते ठिपके आहात.

म्हणजे उरला तो मी काढलेला, त्या कॅमेऱ्यातलाच. पहिल्या पगारातून तुमच्यासाठी घेतलेला, चंदेरी, खिशात मावणारा. मी खोका तुमच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "दहा मेगापिक्सेल आहेत, बाबा!" तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचलीत. "आणि हे दहा बसतात कुठे? उजेड टिपणारा सेन्सर तर नखाएवढा." मला राग आला. ते बघून तुम्ही मला शेजारी बसवलंत. "अगो, आपल्या ह्या खोलीत आपण तिघं झोपतो, पाय पसरता येतात. उद्या गावची पन्नास माणसं आणून झोपवली, तर आकडा मोठा झाला, पण झोप कुणाला लागली? उजेडाचं तसंच. जागा तेवढीच, वाटेकरी वाढले, तर एकेकाच्या वाट्याला उजेड किती येणार?" एवढं ऐकवून संध्याकाळी तोच कॅमेरा गळ्यात अडकवून तुम्ही गॅलरीभर फिरलात, आणि ज्याला त्याला सांगत होतात, "पोरीने आणला. दहाचा आहे, दहाचा!"

त्याच आठवड्यातली दिवेलागण. तुम्ही स्वयंपाकघरात विळीवर बसून नारळ खवताय, आई कालवणाचं वाटण काढतेय, ट्यूबलाइट फडफडतेय. मी दारातून झूम पार शेवटपर्यंत ताणते. तुम्ही मान वर करून हसता, "माझा कसला काढतेस!" आणि मी बटण दाबते. नंतर कॉम्प्युटरवर बघून तुम्ही म्हणालात, "उजेडात काढायचा होतास गो. आणि झूम करण्यापेक्षा चार पावलं पुढे यायचं." मी म्हटलं, काढू परत. तुम्हीही म्हणालात, काढ.

दादरच्या फोटो लॅबमध्ये मी ती फाइल घेऊन गेले. तिथला माणूस भला होता. त्याने स्क्रीनवर तुम्हाला मोठं केलं, अजून मोठं केलं, आणि तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर विरघळायला लागलात. गालावर हिरवे-जांभळे कण, नाकाच्या जागी चौकोन, डोळे म्हणजे दोन काळपट डाग. "मॅडम, कॅमेऱ्यात जे आलंच नाही, ते मी कुठून काढू?" मी माझा फोन टेबलावर ठेवला होता, दोनशे मेगापिक्सेलचा. मी त्यात रोज भाजीची बिलं आणि आईच्या गोळ्यांची पाकिटं टिपते.

मग तोच म्हणाला, "एआयने ट्राय करू?" मी मान डोलावली. थोड्या वेळाने स्क्रीनवर एक गृहस्थ आले. मिशीचा केस न् केस वेगळा, दोन्ही डोळे सारखे, आणि हसताना दातांची सलग पांढरी ओळ. तुमची डावी पापणी जराशी पडलेली असायची. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. मी ते सांगितलं. त्याने पुन्हा केलं, तर दुसराच माणूस आला. पुन्हा केलं, तिसरा. "मूळ फोटोत दात नाहीतच, मॅडम. तो बिचारा अंदाज करतो." अंदाज करणाऱ्याला मी काय सांगणार होते? पापणी किती पडलेली, हे मलाही आकड्यात सांगता येईना. मी म्हटलं, पहिलाच द्या.

आईला सांगणार होते की जमलं नाही. पण गुंडाळीचा कागद वाजला आणि तिने हात पुढे केले. मी फोटो भिंतीला टेकवला. ती जवळ गेली, मान एका बाजूला कलती करून कितीतरी वेळ बघत राहिली. मग बोटांनी कपाळ चाचपलं, गाल चाचपले. "हेच," म्हणाली. "कशे हसतत बघ." आणि रडली. मी हातोडी आणि खिळे काढले.

आता सकाळी देवपूजा झाली की ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसते. पाणी कमी दाबाने येतं, लिफ्ट बंद पडते, सगळं सांगते. परवा लालबागहून आत्या आली. फोटोसमोर थबकली, माझ्याकडे बघितलं. जाताना लिफ्टपाशी माझा हात धरून हळूच विचारलं, "हो कोण गो?"

"बाबाच, आत्या."

"माझो भाऊस नाय हो." मग डोळे पुसत म्हणाली, "वहिनीक सांगा नको हां."

मी कशाला सांगेन? आईला जेवढं दिसतं, तेवढ्यात ती तुमच्याशी बोलते. मला सगळं दिसतं आणि मला काही करता येत नाही. तो फोटो उतरवू शकत नाही, दुसरा आणू शकत नाही. हे पत्र तर तिला वाचूनही दाखवता येणार नाही, आणि तुमचा पत्ता माझ्यापाशी नाही.

एक सांगायचं राहिलं. काल आईला ताप होता. मला ऑफिसला उशीर झालेला, औषधं तिच्या उशाशी ठेवली, पर्स उचलली, आणि दाराशी वळून मी फोटोतल्या त्या माणसाला म्हटलं, "लक्ष ठेवा हं, बाबा." आणि मला बरं वाटलं.