तळहातांची खाज

१२ एप्रिल
खाजवू नको, म्हणे. सासूबाई, नंदीश, शेजारच्या फुलाबाई – सगळ्यांचं एकच. जणू मी हौस म्हणून खाजवते. आठवा महिना, पोटावर लाल पुरळ, पारा बेचाळीसवर. नळाला पाणी पाचव्या दिवशी. दुसरी अंघोळ करू का विचारलं, तर सासूबाईंनी पिंपाकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

१३ एप्रिल
सासूबाई फुलाबाईंना सांगत होत्या, "बाळाला जावळ लई असलं की आईला खाज सुटती."
माझ्या पोटातलं सगळं सगळ्यांना दिसतं. मलाच काही विचारायचं नाही.

१७ एप्रिल
नंदीश म्हणाला, "मलाही घामोळं आलंय की." पाठ दाखवली. चार पुटकुळ्या.
नवरा चांगला आहे. म्हणून जास्त राग येतो.

१९ एप्रिल
दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी पोट पाहिलं, गुलाबी लोशन लिहिलं. "उन्हाळा आहे." मी म्हटलं, पुरळ सोडा – तळहात आणि तळपाय खाजतात, तिथं तर काहीच उठलेलं नाही. "नेटवर फार वाचता का?"
बाहेर दोन तास बसले होते. आत दोन मिनिटं.

२० एप्रिल
होटगीला अव्वाला फोन केला. आईला तरी कळेल, वाटलं. "मलाबी झालं हुतं की. कडुलिंबाचा पाला घालून आंगूळ कर. बोभाटा करू नगं, सासरी नावं ठेवतील."
बोभाटा!

२४ एप्रिल
कॉलेजात परीक्षा. सुपरव्हिजन करताना तळहात बाकाच्या कडेवर घासत होते. एका मुलीनं पाहिलं आणि मान खाली घातली. मला लाज वाटली. मग लाज वाटल्याचा संताप.
तिथूनच रिक्षा करून दवाखान्यात गेले. खुर्चीवरून उठलेच नाही. "रक्त तपासा. नाहीतर तपासणार नाही, असं लिहून द्या." तपासणीची चिठ्ठी लगेच मिळाली.

२८ एप्रिल
रिपोर्ट आला. यकृत बिघडलंय, पित्त रक्तात उतरतंय. खाज त्याची. अशात बाळ पोटातच जाऊ शकतं, असं डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. गोळ्या. रोज हालचाल मोजायची. सदतिसावा आठवडा भरला की बाळंत करायचं. "बरं झालं वेळेवर आलात."
वेळेवर तर एकोणीसलाच आले होते.
अव्वाला फोनवर सगळं सांगितलं. तिनं फोन ठेवला. संध्याकाळी पिशवी घेऊन दारात.

६ मे
अव्वा माझ्या पोटावरचा हात काढत नाही. मी चिडून म्हटलं, "आधी बोभाटा करू नको, आणि आता पहारा?" तिनं दुसराही हात ठेवला.

९ मे
हालचाल कमी. मग पुन्हा नीट. काही लिहवत नाही.

१५ मे
मुलगी. सव्वादोन किलो. आधी बारीक रडली, मग चांगलीच. नर्स गप्प करायला लागली, तर अव्वानं तिला थांबवलं. "रडू दे."
मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या आधीचा रडला न्हाई."
आजवर मला वाटायचं, मी थोरली.