खडकवाडीची भरलेली बॅटरी

श्टुटगार्ट, पश्चिम जर्मनी
१२ मार्च १९८४

तीर्थरूप मालनताईस, बलभीमचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू पाठवलेली शेंगाचटणी संपली. अर्धी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख हेल्गाबाईंनीच खाल्ली, डोळे पुसत पुसत.

बाई मोठ्या विलक्षण आहेत. उन्हाची वीज साठवणारी बॅटरी आपल्याकडच्यासारख्या कडक उन्हाळ्यात टिकली पाहिजे, या एका ध्यासापायी त्यांनी तीन देशांच्या प्रयोगशाळा एकत्र आणल्या. मी हट्टानं खडकवाडीचं नाव पुढं केलं, तेव्हा पहिला होकार त्यांचाच. म्हणून तर तुमच्या महिला दूध सोसायटीला त्या बॅटरीवरच्या दिव्याचा संच मिळाला.

पण ताई, काळजीची गोष्ट आहे. तिथून आलेल्या नोंदींत बॅटरी कायम भरलेलीच दिसते. रोज वापरून ती उतरली आणि उन्हानं पुन्हा भरली, तरच तिचा कस लागणार. जुलैत तिन्ही देशांची बैठक आहे. तोवर काही दिसलं नाही तर संच उचलून दुसऱ्या देशात नेतील, आणि मी चांगलाच तोंडघशी पडेन. काय बिघडलंय, ते बघून लवकर कळव.

घरच्या सगळ्यांना जयभीम सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बलभीम


खडकवाडी, ता. भूम
२ एप्रिल १९८४

चि. बलभीमास, मालनताईचे आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

बिघडलं काहीच नाही. आम्ही दिवा लावतच नाही! हसू नकोस.

दिवा चालू करायची किल्ली आमच्या चेअरमन धुरपदाकाकूंच्या कमरेला. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडून लेकरं जगवली, तुला ठाऊकच आहे. भरलेलं भांडं रितं करायला त्यांचा हात धजत नाही. म्हणतात, पाण्याचा टँकर कधी येतो, कधी न्हाय, अन् आयतं भरल्यालं सांडाया आमी काय येड्या हाव व्हय? कुणी साहेब आला की तेवढा दिवा लावतात. एरवी पहाटे आम्ही कंदिलाच्या उजेडात दूध मोजतो आणि तो शहाणा दिवा डोक्यावर लटकत असतो. खरं सांगायचं तर मलाही काकूंचं पटलं होतं.

जेवणाची आबाळ करू नकोस. बहिणीची आठवण ठेव, पत्र टाकत जा.

तुझी,
मालनताई


श्टुटगार्ट
१८ एप्रिल १९८४

तीर्थरूप ताईस, सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी हेल्गाबाईंना वाचून दाखवलं. वाटलं, वैतागतील, पण त्यांनी आपल्या लहानपणीची गोष्ट सांगितली. महायुद्धानंतर त्यांची आई साखरेचा डबा कुलपात ठेवायची म्हणे, आणि ती साखर शेवटी कुणाच्याच तोंडी लागली नाही. काकूंना त्यांनी मुद्दाम नमस्कार कळवला आहे.

पण न वापरता भरलेली बॅटरी रोज वर चार्ज होत राहिली, की त्या तापात आतलं पाणी उडतं, शिशाच्या पट्ट्या झिजतात आणि ऐन गरजेला ती दगा देते. हे काकूंना कसं सांगावं, मला सुचत नाही. माझं रसायनशास्त्र तिथं काय कामाचं! सगळी भिस्त तुझ्यावर.

लोभ आहे म्हणूनच हे ओझं तुझ्यावर टाकतोय.

तुझा,
बलभीम


खडकवाडी
२९ जुलै १९८४

चि. बलभीमास, अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझी तार मिळाली. संच इथंच राहणार, हे वाचून मी भर दुपारी दिवा लावला आणि काकूंच्या शिव्या खाल्ल्या. तुझा फार अभिमान वाटतो रे.

काकूंना कसं वळवलं, ते राहिलंच सांगायचं. मी एवढंच विचारलं, की दुभती म्हैस पिळायची सोडली तर काय होतं? त्या म्हणाल्या, कास दगड होती, म्हैस आटती. मग बॅटरीकडं बघत बसल्या आणि कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. आता पहाटे दूध, संध्याकाळी बायांचा वर्ग. काकू स्वतः दिव्याखाली वाकळ शिवतात.

परवा मी सहज सांगितलं, की हेल्गाबाईंच्या मुलखात हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. काकूंची सुई थांबली. मग हेल्गाबाईंना निरोप दिला. तो जसाच्या तसा लिहिते: आमच्याकडं ऊन लई हाय. एक बॅटरी भरून पाठवून देते. जपून ठिवू नगंस बाई, रोज लाव.

त्यांचा आणि माझा, दोघींचा लोभ तुम्हा दोघांवर आहे.

तुझी,
मालनताई