फाटकाबाहेरची आई

बाबा, बुढापारा मोहल्ल्यातल्या, तुम्ही मुख्याध्यापक होता त्या शाळेत परवा मी शिकवायला गेले होते. मुलांना नाही, शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना. पालकांशी कसं बोलावं, त्यांचं कसं ऐकावं, हे शिकवायचं काम आता मी करते. तुम्ही असता तर हसला असता. "पालकांनी घर पाहावं, शाळा आम्ही पाहून राहिलो ना," असं म्हणायचे तुम्ही. निकालाचा दिवस सोडला तर एकही पालक तुमच्या फाटकाच्या आत आलेला मला आठवत नाही.

मी सहावीत होते तेव्हा एक बाई त्या फाटकाशी येऊन उभी राहायची. माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आई. नवरा भनपुरीत ट्रकवर होता. "गुरुजी, दोन मिनिट बोलाचं होतं." तुम्ही चपराशाला खूण करायचे, तो फाटक ओढून घ्यायचा. पुढे ती मुलगी शाळेत यायचीच थांबली. घरी कधी तिचा विषय निघाला नाही. पण शेवटच्या आजारपणात तुम्ही खाटेवरून दाराकडे बघत विचारायचे, "बाहेर कोण उभी आहे? काहून उभी ठेवली तिले?" आई म्हणायची, तापात बरळतात. मी मात्र दर वेळी दार उघडून बघायचे. कोणी नसायचं.

परवा मी काही पालकांनाही बोलावलं होतं. शाळेत आल्यावर कसं वाटतं, ते त्यांनी शिक्षकांसमोर सांगायचं होतं. लेकाच्या मुलीसाठी आलेली एक म्हातारी बाई खुर्ची दिली तरी दाराशीच उभी राहिली. तशी उभी पाहिली आणि मी तिला ओळखलं. ती बोलू लागली. "माही पोट्टी इथंच होती. बाजूवालीच्या वहीत पाहून लिहिते म्हणून मार खाये. मी बड्या गुरुजीले सांगाले येत होती."

"काय सांगायचं होतं?" मी विचारलं.

"तिले फळ्यावरचं दिसत नव्हतं. समोर बसवा, एवढंच."

मुलगी आता कुठे आहे, ते मी विचारलं. "अभनपुरले दिली. लग्नानंतर चष्मा लागला. पहिल्यांदा लावला तं माह्या तोंडाकडे पाहतच राहिली. म्हणे, माय, तू इतकी म्हातारी कधी झाली?"

मग नातीच्या वर्गाच्या बाईंनी तिला हात धरून आणून शेजारी बसवलं, आणि नातीचं काय ते नीट ऐकून घेतलं. निघताना ती माझ्यापाशी थांबली. "बडे गुरुजी कुठं असतात आता?"

"गेले," मी म्हणाले.

"गेले का?" तिने फाटकाकडे पाहिलं. "मले वाटत राहे, एखाद दिवस तरी आत बोलावतील."

हे लिहून मी कुठे पाठवणार, बाबा? तुम्ही माझे कोण, हे मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी स्वतःची समजूत घालते आहे.