तळच्या चौदा पिंपांची व्यवस्था

मी, रेमेदिओस इबान्येस गाल्लार्दो, वय एक्क्याऐंशी, अविवाहित, राहणार सान्लुकार, खालची वस्ती, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही आणि आज सकाळपासून मी एकच पेला घेतला आहे. हे शेवटचे वाक्य गाळा असे नोटरीसाहेब म्हणाले. पण सुरुवातीलाच थाप मारली तर पुढचे कोण खरे मानणार?

याआधी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती. एकात तर मी सगळी मिळकत घोड्यांच्या शर्यतीच्या मंडळाला देऊन टाकली होती, आणि मला घोडे आवडत नाहीत.

कलम १. राहते घर माझी भाची एन्ग्रासिआ, म्हणजे माझा धाकटा भाऊ एलादिओ याची मुलगी, हिला द्यावे. गच्ची गळते हे तिला घर ताब्यात घेतल्यावर सांगावे.

कलम २. बँकेत जी काही शिल्लक असेल ती माझ्या मातीला लागेल. उरलीच तर आलेल्या लोकांना जवळ्याची गरम धिरडी खाऊ घालावी. रडण्यासाठी कोणाला आग्रह करू नये.

कलम ३. पिंपातून वाइन काढायची लांब दांड्याची चांदीची पळी एन्ग्रासिआलाच द्यावी. ही पळी वडिलांनी जिवंतपणी माझ्या हातात कधी दिली नाही. "पोरींच्या हाताला धार धरत नाही," असे म्हणायचे. ते गेल्यावर मी ती घेतली आणि पहिल्याच जत्रेत खांद्याच्या उंचीवरून पेल्यात धार धरायला गेले. नगराध्यक्षांचा शर्ट भिजला. अजूनही माझे दर पेल्याला अर्धे बाहेर सांडते. वडिलांचे म्हणणे खरे निघाले याचे मला फार वाईट वाटते. एन्ग्रासिआने आधी पाण्यावर सराव करावा.

कलम ४. पितळी परात शेजारीण कासिल्दा हिला देण्याचे ठरले होते. कासिल्दा मासळी विकते आणि गल्लीतले सगळे तिला सगळ्यांच्या आधी कळते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे नोटरीसाहेब म्हणतात. परात की साक्ष, असे तिला विचारले. तिने थोडा विचार करून साक्ष घेतली. इथे बसून सगळे ऐकायला मिळेल, परात काय बाजारातही मिळते, असे तिचे म्हणणे. परात एन्ग्रासिआला जावी.

कलम ५. आता मुख्य गोष्ट, म्हणजे कोठारातली चौदा पिंपे.

नोटरीसाहेब डोंगराकडचे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. आमच्याकडे पिंपे तीन रांगांत एकावर एक रचतात. प्यायची वाइन काढायची ती तळच्या रांगेतून, तीही थोडी थोडी. जेवढी काढली तेवढी मधल्या रांगेतून भरायची, मधलीत वरच्या रांगेतून, आणि वरचीत नव्या हंगामाची. त्यामुळे तळच्या पिंपात आजोबांच्या हातची वाइनही थोडी असतेच. पिंप गळ्यापर्यंत भरत नाहीत. वर दोन मुठी जागा सोडतात आणि तिथे वाइनवर पांढरी साय धरते. तिला आम्ही फूल म्हणतो. पश्चिमेची ओली हवा आणि खालून मिळणारी नवी वाइन, यावर ते फूल जगते. नवी वाइन थांबली की ते विरते, आणि मग पिंपात सॅलडवर घालायचे व्हिनेगर उरते.

वडील गेले तेव्हा त्यांनी एवढेच सांगून ठेवले होते की दोघांनी वाटून घ्या, आधी थोरली निवडेल. थोरली मी. मी छाती पुढे काढून तळची रांग मागितली. सगळ्यांत जुनी, सगळ्यांत नामांकित. एलादिओला वरच्या दोन रांगा आणि पांढऱ्या मातीतला द्राक्षाचा मळा गेला. घराला पाया हवा म्हणून मी पायाच उचलून आणला आणि भिंती भावाला दिल्या. या गावात शेंबडे पोरही अशी वाटणी करणार नाही.

एलादिओने आपली पिंपे गाडीवर चढवली आणि गल्लीच्या पलीकडे, समोरच्या कोठारात नेली. जाताना दारात उभा राहून म्हणाला,

"बस आता रेमे, दगडाची अंडी उबवत."

एवढ्यावरून मी त्याच्याशी बावीस वर्षे बोलले नाही. त्याच्या घरचे दार माझ्या दारासमोर आहे, त्यामुळे न बोलण्याला फार मेहनत पडली.

आता खरी गंमत. माझ्याकडे मळा नाही, नवी वाइन नाही. म्हणजे माझी पिंपे दरवर्षी रिकामी होत जायला हवी होती आणि फूल केव्हाच मरायला हवे होते. तसे काही झाले नाही. मी पाहुण्यांना पाजली, जत्रेत विकली, स्वतःही काही कमी घेतली नाही, तरी पिंपातली पातळी फारशी उतरेना आणि फूल लोण्यासारखे दाट. मी पहिल्या पिंपावर कारिदाद माउलीची, म्हणजे आमच्या गावच्या देवमातेची, तसबीर टांगली होती. श्रेय तिला दिले. थोडे स्वतःला घेतले. पाद्रीबाबांना बोलावून पिंपांवर पवित्र पाणी शिंपडून घेतले. "माझ्या हाताला गुण आहे," असे मी मासळीबाजारात उभी राहून सांगितले, आणि लोक मान डोलवायचे. किती भाविक लोक, असे मला वाटायचे.

बापाच्या कोठारात वाढलेल्या बाईला पिंप आपोआप भरत नाही हे माहीत नसावे का? माहीत होते. पण फुकटचा मोठेपणा मिळत असला की माणूस पिंपात फार वाकून पाहत नाही.

यंदा ईस्टरनंतर फूल विरळ व्हायला लागले. आधी कडेने तुटले, मग मधे काळी डबकी दिसू लागली. तिसऱ्या पिंपाला नाक झोंबणारा वास. मी माउलीपुढे मेणबत्त्या वाढवल्या. तसबीर पुसली. नवस बोलले. शेवटी कासिल्दाकडे रडत गेले. ती मासे साफ करत होती, तिने मानही वर केली नाही.

"माउली काय करणार?" ती म्हणाली. "एलादिओचं खुब्याचं हाड मोडलंय ना."

"त्याच्या हाडाचा काय संबंध?"

तेव्हा तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिले.

"रेमे, तू दर रविवारी प्रार्थनेला जातेस. तो देवळाची पायरी चढत नाही. बापाच्या कोठाराच्या किल्ल्या दोन होत्या. आता तूच सांग, घडा घेऊन गल्ली कोण ओलांडत असेल?"

"तुला माहीत होतं?"

"अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पाद्रीबाबांनाही. ते तर तू मधेच उठून घरी जाऊ नयेस म्हणून प्रवचन लांबवायचे."

हे ऐकल्यावर मी घरी येऊन पिंपाजवळ बसले. मला लाज वाटली, रागही आला, आणि त्या दोन्हीच्या खाली इतका आनंद झाला की त्याचे काय करावे ते कळेना. म्हणून मी नोटरीसाहेबांना बोलावले.

तरी मी असे लिहून देते की तळची चौदाही पिंपे माझ्या मृत्यूनंतर माझा भाऊ एलादिओ याला द्यावीत. तो आधी गेल्यास एन्ग्रासिआला. कोठाराची किल्ली देण्याची गरज नाही, त्याच्याकडे आहे.

कलम ६. हे कलम नंतर जोडले आहे.

पाचवे कलम लिहून झाल्यावर नोटरीसाहेबांनी ते मोठ्याने वाचले. मला बरे वाटले. मग औषधवाले फुल्हेन्सिओ, जे दुसरे साक्षीदार आहेत, त्यांनी चष्मा काढून विचारले,

"पण रेमेदिओसबाई, हे तुमच्या मृत्यूनंतर. फूल तर आत्ता मरतंय."

बरोबर आहे. हे मृत्युपत्र उपयोगी पडायचे तर मला पुढच्या दोन आठवड्यांत मरायला हवे होते, आणि डॉक्टर तशी हमी देईनात. उलट रक्तदाब चांगला आहे म्हणाले. सह्या करायच्या तशाच ठेवल्या.

रविवारी घंटा झाली. मी डोक्यावर ओढणी घेतली, घराबाहेर पडले आणि देवळाकडे न वळता रिकामा घडा घेऊन समोरचे दार वाजवले. गल्ली बारा पावलांची. एलादिओ खुर्चीत बसला होता, काठी मांडीवर. किती म्हातारा झाला आहे, हे रोज खिडकीतून बघूनही मला दिसले नव्हते.

"प्रार्थना चुकवलीस?" तो म्हणाला.

"माउलीनेच पाठवलंय. म्हणाली, माझ्याकडे कुठली आलीय वाइन."

त्याने घड्याकडे पाहिले.

"लहान आणलास. चौदा पिंपं आहेत ती, फुलदाण्या नाहीत."

मी काहीतरी चांगले बोलायचे ठरवून आले होते. ते विसरले आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. त्याने काठीने मला ढोसले आणि एन्ग्रासिआला हाक मारून खुर्ची गल्लीपलीकडे न्यायला सांगितली.

माझ्या कोठाराच्या दारात खुर्ची मांडून त्याने दुपारपर्यंत हुकूम सोडले. नळी फुलाच्या खालून घाल. ओतू नकोस, सोड. अगं, ढवळतेस काय, आमटी आहे का ती? बाबा तुला पळी देत नव्हते ते उगाच नाही. मी सगळे ऐकून घेतले. बावीस वर्षांचे साठले होते त्याचे.

"सांगितलं का नाहीस कधी?" मी विचारले.

"सांगितलं असतं तर तू कुलूप बदललं असतंस."

बदलले असते. तेही या मृत्युपत्रात नोंदवून ठेवते.

आता सप्टेंबर लागला आहे. अकरा पिंपांवर फूल पुन्हा धरले. तीन गेली. त्यांचे व्हिनेगर कासिल्दाला द्यावे असे मी म्हणत होते, पण तीही साक्षीदार. एलादिओच्या वरच्या दोन रांगा मागच्या आठवड्यात माझ्या कोठारात परत आल्या आणि जुन्या जागी चढल्या. यापुढे वारस कोणीही असो, त्याने तिन्ही रांगा एका छपराखाली ठेवाव्यात. ज्याला वाटणी हवी असेल त्याने खुर्च्या वाटून घ्याव्यात.

माउलीची तसबीर आहे तिथेच राहू द्यावी. तिने यात काहीच केले नाही असे मी अजूनही म्हणणार नाही.

हे सर्व मला वाचून दाखवले, समजले, आणि बरेचसे मीच सांगितलेले असल्यामुळे मान्य आहे.

ठिकाण: सान्लुकार, माझे कोठार, पहिल्या पिंपाशेजारी.
तारीख: ९ सप्टेंबर २०१८.

लिहून देणार:
रेमेदिओस इबान्येस गाल्लार्दो

साक्षीदार:
१. कासिल्दा मोन्तेरो, मासळी विक्रेती
२. फुल्हेन्सिओ आरानादा, औषधविक्रेते

३. एलादिओ इबान्येस गाल्लार्दो
(नोटरीची टीप: क्रमांक तीन यांना वारस असल्यामुळे साक्षीदार होता येत नाही, हे त्यांना सांगितले. त्यांनी तरीही सही केली. कायद्याने ही सही निरुपयोगी आहे. लिहून देणार बाईंच्या सांगण्यावरून खोडलेली नाही.)