चव्हाट्यावरून उचललेलं पोर

६ मार्च १९११
शेजारच्या ओत्सुनाबाई येऊन बसल्या. त्यांच्या घरजावयाला, कियोझोला, म्हणे बेचाळिसावं लागलंय, पुरुषाला वाईट वर्ष, आणि त्यातच लेकीला, नुईला, पोर झालंय. अशा वर्षी झालेलं मूल बापाच्या मुळावर येतं. म्हणून रीतीप्रमाणे चव्हाट्यावर टाकायचं, आणि ठरलेल्या कुणीतरी उचलायचं — ती कुणीतरी मी! विधवा, मोकळीच बसलेली. तीन दिवसांनी तांदूळ, सुकी मासळी देऊन मागून नेतील. माझी दोन्ही पोरं मी पुरली. नको होतं. पण नाही म्हणायचाही कंटाळा.

८ मार्च
टाकलं. झाडूने सुपात लोटल्यासारखं करून उचललं. हातपाय बर्फासारखे. पोराची आई, नुई, आलीच नव्हती.

१२ मार्च
कुणी आलं नाही. नुईला ताप आहे म्हणे.

२३ मार्च
रोज कोळसेवाल्याच्या बायकोकडे पोर पाजायला नेते. तीही आता तोंड वाकडं करते. रात्री पेजेचं पाणी. पाठीचा पार भुगा झाला. ओत्सुनाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "घाई कसली? तुलाही सोबत." सोबत!

२ एप्रिल
कियोझो सरपण टाकायला आला. पोराकडे बघितलं, हात लावला नाही. म्हटलं, वर्ष वाईट आहे, जपून राहा. तो गोंधळला.

"कुणाचं वर्ष, काकू? मला अडतिसावं चालू आहे."

घाटापलीकडचा माणूस, दत्तक घेऊन जावई केलेला. वय कुणाला ठाऊक! मग खाली बघत म्हणाला, "सासूबाईंना पाचवं तोंड नको होतं. घर त्यांचं, आडनावही त्यांचंच. मलाही आणलेलंच आहे, मी काय बोलणार?"

म्हणजे मला चक्क बनवलं. रीत पुढे केली आणि ब्याद माझ्या गळ्यात! संताप आला, पण भांडायलाही अंगात जीव नाही. उद्या नेऊन त्यांच्या उंबऱ्यावर ठेवणार. माझ्या वयाला हे झेपायचं नाही.

३ एप्रिल
नेलं. नुई अंगणात एकटीच तुतीच्या फांद्या छाटत होती. ओत्सुनाबाई देवळात गेलेल्या. पोर बघून नुईची छाती दुधाने भिजली. पण हात पुढे केला नाही. हळूच म्हणाली, "मागचं पोर माझ्या आईने पहिल्याच रात्री नाकातोंडावर ओला कागद ठेवून संपवलं, काकू. हे टाकायचं मीच तिच्या गळी उतरवलं. उचलणारी तुम्हीच हवी, हेही मीच सांगितलं."

परत पाठीला बांधून घरी आणलं. बावन्नाव्या वर्षी आता आणखी वीस वर्षं जगणं आलं.